भाकरी किती सोडायची?

वजन उतरवण्याचे वारे आता आपल्या वस्त्यांतही आले आहे. पहाटे कळंबा तलावाच्या बाजूने फिरणाऱ्यांत एके काळी फक्त बंगल्यातली मंडळी दिसत. आता पदर खोचून, पायात बूट घालून झपाझप चालणाऱ्या आपल्या आयाबहिणीही दिसतात. ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या शरीराची काळजी घेणे ही काही श्रीमंतांची मिरासदारी नव्हे. परंतु या वाऱ्याबरोबर एक भीतीही घरात शिरली आहे. आजचे हे सदर त्या भीतीविषयी आहे.

महिला मंडळाच्या बैठकीत धुणीभांडी करणाऱ्या एका भगिनीने आम्हांला विचारले, "भाऊ, सकाळपासनं एका भाकरीवर असते मी. चक्कर येते, पण वजनाचा काटा काय हलत नाही. आता आणि काय सोडू, सांगा की." त्याच बैठकीत कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीची आई सांगत होती, की मुलीच्या मोबाईलमध्ये रोजचा १,२०० चा आकडा आहे. आकडा ओलांडला की पोरगी रडते, आणि आकडा फारच खाली राहिला की 'आता माझे शरीर बंद पडेल' म्हणून घाबरते. एकीला अक्षरओळख बेताची, दुसरी पदवीच्या वर्गात. पण दोघींचा प्रश्न एकच आहे : पुरेसे खाणे म्हणजे नेमके किती?

आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही पडलो कारकून. बी. कॉम. झालो आणि आयुष्य जमाखर्च लिहिण्यात गेले. पण हा प्रश्न बराचसा जमाखर्चाचाच आहे, म्हणून त्यात हात घालण्याचे धाडस करीत आहोत.

आधी भुकेचे माप, मग चरबीचे

कॅलरी, म्हणजे मराठीत उष्मांक, हा शब्द आज वजन उतरवणाऱ्यांच्या तोंडी आहे. पण आपल्या देशात तो मोठ्या चर्चेत आला तो जाडी मोजण्यासाठी नव्हे, तर भूक मोजण्यासाठी. १९७१ साली पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढाही खर्च किती लोकांना परवडत नाही, असा हिशेब त्यांनी केला. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने खेड्यात माणशी सरासरी २,४०० आणि शहरात २,१०० उष्मांक ही दारिद्र्यरेषा ठरवण्याची कसोटी धरली. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा आकडा 'पोट भरले का?' हे विचारण्यासाठी लावला गेला. आता तोच आकडा आपल्या मुली 'पोट किती रिकामे ठेवले?' हे मोजायला वापरतात.

हे सांगण्याचे कारण आहे. आपल्या घरांत ताटातली भाकरी म्हणजे केवळ भाकरी नसते. आपल्या आजी-पणजीच्या पिढीने दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे पाहिले. १९७२ च्या दुष्काळात आपल्या माणसांनी खडी फोडली, रेशनचा मिलो खाल्ला आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर पोरे जगवली. अशा घरात सुनेने 'मला नको' म्हणून अर्धी भाकरी मागे सारली, की सासूच्या काळजात चर्र होते. तिला वाटते, पोरगी आजारी आहे किंवा रुसली आहे. 'जेवलीस का पोटभर?' हीच आपल्याकडची माया. त्यामुळे कमी खाण्याचा विषय आला की आपल्या मनात अपराधाची आणि भीतीची भावना येते, ती इतरांपेक्षा जास्त. ही भावना वेडेपणाची नव्हे. तिला इतिहास आहे. पण तिच्या आहारी जाऊनही चालणार नाही. कारण मधुमेह आणि रक्तदाब आता आपल्याही घरात ठाण मांडून बसले आहेत.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे महाराष्ट्रापुरते आकडे पाहा. १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत सुमारे २३ जणींचे वजन जास्त आहे, सुमारे २१ जणी हाडकुळ्या आहेत, आणि ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अंगाने जाड असलेली बाई पोषणाने भरलेली असेलच असे नाही. वजन जास्त आणि रक्त कमी अशा कितीतरी भगिनी आपल्या आसपास आहेत. अशा बाईने घाबरून जेवणच सोडले, तर चरबीबरोबर उरलेसुरले बळही जाते.

जमा, खर्च आणि शिल्लक

आता हिशेबाकडे येऊ. खाल्ले ते जमा, शरीराने वापरले ते खर्च, आणि उरले ते चरबीच्या रूपाने शिल्लक. वजन उतरवायचे म्हणजे खर्चापेक्षा जमा थोडी कमी ठेवायची आणि शिल्लक हळूहळू वापरायची. प्रश्न एवढाच, की थोडी म्हणजे किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली रोजच्या गरजेचे आकडे दिले आहेत. बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला १,६६०, मध्यम मेहनतीच्या कामाला २,१३० आणि जड कामाला २,७२० उष्मांक लागतात. ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २,११०, मध्यम कामासाठी २,७१० आणि जड कामासाठी ३,४७० लागतात. म्हणजे एकाच घरात एक भाऊ आमच्यासारखा खुर्चीवर बसणारा आणि दुसरा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टीपुढे राबणारा असेल, तर दोघांच्या गरजेत तेराशेहून अधिक उष्मांकांचा फरक पडू शकतो. एकाने दुसऱ्याचे ताट पाहून आपले ताट ठरवू नये, ते यासाठीच.

चार घरची धुणीभांडी करून, डोक्यावर पाणी वाहून पुन्हा घरचा स्वयंपाक करणारी बाई बैठ्या कामाची नव्हे. तिची गरज दोन हजारांच्या पुढे आहे. तिने १,२०० चा आकडा धरला, तर ती वजन उतरवत नाही, उपासमार ओढवून घेते. हा १,२०० चा आकडा सहसा बाईसाठी तळाची मर्यादा म्हणून सांगितला जातो. त्याच्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये, हा त्याचा खरा अर्थ. पुरुषांसाठी तीच मर्यादा १,५०० ची मानतात. पण लोकांनी काय केले? तळाची पायरी हीच गाठायची पायरी समजून घेतली.

साधारण नियम असा, की आपल्या गरजेपेक्षा रोज तीनशे ते पाचशे उष्मांक कमी घ्यावेत. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोज पाचशेची तूट ठेवली, तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर वजन उतरते. यापेक्षा वेगाने उतरवण्याची घाई करू नये. फार झपाट्याने वजन घटले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि स्नायूही झिजतात. ज्यांचे वजन जास्त आहे, त्यांनी वजनाचा विसावा ते दहावा भाग उतरवला तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. ६५ किलोच्या बाईने तीन ते सहा किलो कमी केले, तरी मोठे काम झाले. सिनेमातल्या नटीसारखे दिसणे हा आपला हेतूच नव्हे.

आणि मुळात वजन उतरवण्याची गरज आहे का, हेही आधी पाहावे. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले, की बी.एम.आय. निघतो. आपल्याकडच्या लोकांसाठी तो २३ च्या पुढे गेला तर वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला तर स्थूलता मानतात. पाच फुटांच्या आतबाहेरच्या, म्हणजे १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईला ही रेषा सुमारे ५२ आणि ५६ किलोवर येते. त्याबरोबर टेपने कंबर मोजावी. बाईची ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत हवी. या मोजमापात जी मुलगी बसते, तिने मैत्रिणीचे पाहून जेवण तोडण्याचे काही कारण नाही.

आधी भाकरी नको सोडायला

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे वजन उतरवायचे ठरले, की पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. कारण ताटात तीच डोळ्यांना दिसते. पण घरच्या खात्यात न दिसणारा खर्च वेगळाच असतो.

चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर गोडेतेल लागते असे धरू. पाच लिटर म्हणजे सुमारे ४,६०० ग्रॅम. चार माणसे आणि तीस दिवस मिळून १२० ताटे. म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम तेल. एका ग्रॅमला ९ उष्मांक, म्हणजे सुमारे ३४५ उष्मांक नुसत्या तेलाचे. हेच तेल तीन लिटरवर आणले, तर ते माणशी २३ ग्रॅम, म्हणजे सुमारे २०७ उष्मांक होते. रोजचे जवळजवळ १४० उष्मांक वाचले, आणि ताटातला एक घासही कमी झाला नाही.

आता चहा. कामाच्या घरी एक, दुकानात एक, पाहुणा आला की एक, असे दिवसाचे सहा कप सहज होतात. कपाला दोन चमचे साखर धरली, तर बारा चमचे झाले. एका चमच्याला साधारण २० उष्मांक, म्हणजे २४०. साखर निम्मी केली तर १२० वाचले. काही भगिनी म्हणतील, आम्ही गुळाचा चहा घेतो. गूळ आपल्या कोल्हापूरची शान खरी, पण उष्मांकांच्या हिशेबात तो साखरेच्या जवळजवळ बरोबरीनेच बसतो.

तेलाचे १४० आणि साखरेचे १२० मिळून रोजचे २६० झाले. महिन्याला ७,८००. म्हणजे एका किलो चरबीएवढी तूट भाकरीला हात न लावता पडते. त्यात रोज पाऊण तास झपाझप चालणे मिळवले, तर आणखी दीड-दोनशे उष्मांक खर्ची पडतात. वर किराणा दुकानाचे बिलही कमी येते, हा आणखी एक फायदा.

ज्वारीची मध्यम भाकरी, म्हणजे साठ ग्रॅम पिठाची, सुमारे २०० उष्मांकांची असते. आपली कोल्हापुरी हातभर भाकरी शंभर ग्रॅम पिठाची भरते, ती तीनशेच्या पुढे जाते. तेव्हा भाकरी सोडण्याऐवजी तिचा आकार पाहावा. थापताना पीठ मोजून घेतले की झाले. रविवारचे मटणही सोडायला नको. तांबड्यावरचा तेलाचा कट बाजूला सारावा आणि फोडी खाव्यात. मिसळीचेही तसेच. मोड आलेली मटकी आपली मित्र आहे. तिच्यावर तरंगणारे तेल आणि वरचा मूठभर फरसाण यांच्याकडे लक्ष ठेवावे.

पुरेसे खाऊन वजन कसे उतरते, याचा एका दिवसाचा नमुना देतो. मध्यम कष्टाच्या बाईसाठी हा आहे. सकाळी एक चमचा साखरेचा चहा, ६०. न्याहारीला एक मध्यम भाकरी आणि चमचाभर तेलातले एक अंडे, ३१५. दुपारी दीड भाकरी, मटकीची उसळ, एक पालेभाजी आणि ताक, ५७०. चारला चहा आणि मूठभर फुटाणे, १७०. रात्री एक भाकरी, डाळीची आमटी, लहान वाटी भात, भाजी, कांदा-काकडी मिळून ५३५. एकूण झाले १,६५०. यात दिवसाची साडेतीन भाकरी आहे, अंडे आहे, कडधान्य आहे. स्त्रीला रोज लागणारी ४६ ग्रॅम प्रथिने यातून भागतात. हे खाणारी बाई चक्कर येऊन पडणार नाही, आणि वजनही उतरेल. ज्यांच्याकडे अंडे चालत नाही, त्यांनी जास्तीची वाटीभर डाळ किंवा दही घ्यावे.

एका भाकरीवर दिवस काढणाऱ्या भगिनीचा काटा का हलत नाही, याचेही उत्तर बहुधा इथेच असते. दिवसभर पोटात काही नसते, म्हणून चहावर चहा आणि त्याबरोबर खारी होते. रात्री दहाला भूक खवळली, की उरलेला सगळा भात पोटात जातो. बाईच्या मनाला वाटते, 'मी तर काही खाल्लेच नाही.' त्यात खोटेपणा नाही. थकलेल्या माणसाला असा हिशेब लागत नाही. म्हणून सात दिवस एका वहीत, वाण्याच्या खात्यासारखे, जे पोटात गेले ते सगळे लिहावे. लाज वाटण्याचे कारण नाही. वही कुणाला दाखवायची नाही. आठ दिवसांनी कळते, की कुठे कमी पडते आणि कुठे गळते.

उपाशी माणसाचे मन

आता दुसऱ्या भीतीकडे वळू. कमी खाल्ले तर शरीर 'बंद पडते' आणि उलट वजन वाढते, असे पुष्कळ सांगतात. यात अर्धे सत्य आहे. जमा कमी झाली की शरीर शहाण्या गृहिणीसारखे खर्च आवरते. हातपाय गार पडतात, काम सुचत नाही, झोप येते. त्यामुळे वजन उतरण्याचा वेग मंदावतो. पण कमी खाण्याने चरबी वाढत नाही.

याचा पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झालेल्या एका प्रयोगात मिळतो. दुसऱ्या महायुद्धातील उपासमारग्रस्तांना पुन्हा कसे उभे करावे, हे समजावे म्हणून ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवले. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावले. त्यांचे वजन सुमारे पाव भाग घटले. म्हणजे शरीराने खर्च आवरला, तरी वजन उतरतच राहिले. पण त्यांच्या मनाचे काय झाले ते पाहा. ते चिडचिडे झाले, उदास झाले, एकलकोंडे झाले. दिवसरात्र त्यांना अन्नच दिसू लागले. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. पोटभर अन्न मिळू लागल्यावर काहींचे खाणे आवरेना.

यातून आपण एक गोष्ट शिकायची. उपाशी बाई रात्री भातावर तुटून पडते, तेव्हा तिला हावरट म्हणू नये, आणि तिनेही स्वतःला दोष देऊ नये. तो तिच्या स्वभावाचा दोष नाही, भुकेचा परिणाम आहे. शरीर आपले थकलेले देणे वसूल करीत असते.

एखाद्या दिवशी आकडा चुकला म्हणून रडणाऱ्या मुलींसाठी आपल्याच मुलखातल्या एका विद्वानाचे नाव सांगतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. सरासरी आकड्याच्या खाली दिसला तो प्रत्येक माणूस उपाशीच, असे धरण्यास त्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे होते, की एकाच माणसाची गरज आणि त्याचे खाणे दर दिवशी सारखे नसते, ते आपोआप वरखाली होत राहते. दारिद्र्य मोजण्याच्या कामी त्यांच्या मतावर पुष्कळ वाद झाला, आणि गरिबांची भूक कमी लेखली जाईल ही टीका गंभीर होती. पण घरच्या ताटापुरता त्यातून धडा घ्यायला हरकत नाही. लग्नात दोन जिलब्या जास्त खाल्ल्या किंवा एखाद्या दिवशी भूकच नव्हती, म्हणून काही बिघडत नाही. आठवड्याचा हिशेब पाहावा, एका दिवसाचा नव्हे. वजनसुद्धा रोज करू नये. मीठ, पाणी आणि पाळी यांमुळे काटा एक-दोन किलोने सहज हलतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर पाहावे, एवढे पुरे.

दोन वेळा की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत आणखी एक गोंधळ झाला आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवली. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे, दर दोनेक तासांनी खायला सांगतात. ऐकणारा बिचारा मधल्या मध्ये गोंधळतो. दोन्हींकडून फायदा झालेली माणसे आहेत. पण दोन्हींत समान काय आहे ते पाहावे : घरचे साधे जेवण आणि रोजचा व्यायाम. 'दोनदा जेवा' याचा अर्थ दोनदा पोटभर जेवा असा आहे, अर्ध्या भाकरीवर राहा असा नव्हे. ज्यांना दुपारी बारानंतर रात्री नऊपर्यंत पाळीचे काम असते, त्यांनी आपल्या कामाला झेपेल ती पद्धत घ्यावी. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतते.

पैलवानांच्या या गावात वजन 'तोडण्याचा' प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव ५७ किलो गटात लढले, आणि गटाप्रमाणे वजन राखणे हा त्या विद्येचा भागच आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला काय झाले, तेही आपण पाहिले. ५० किलो गटात अंतिम फेरी गाठलेल्या विनेश फोगाट हिने रात्रभर घाम गाळला, तरी वजन शंभर ग्रॅमने जास्त भरले आणि ती बाद झाली. शरीर रातोरात ऐकत नाही. ती तर मैदानात उतरलेली मल्ल होती. आपल्याला कुठल्या आखाड्यात वजन द्यायचे आहे? आपल्याला तर उद्या सकाळी उठून पुन्हा कामावर जायचे आहे.

प्रमाण ओळखणे

या विषयावर तथागतांचा उपदेशही आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. अन्न टाकून देह झिजवण्याचा मार्ग त्यांनी स्वतः अनुभवून सोडला आणि सुजातेची खीर स्वीकारली, ही कथा आपल्या मुलांनाही पाठ आहे. पण संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याचीही हकीकत येते. हा राजा द्रोणभर भात जेवायचा. एकदा तो असाच जेवून, धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास करायला सांगितले नाही. जेवणाचे प्रमाण ओळखावे, एवढ्याच अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. यातला 'हळूहळू' हा शब्द आपण घ्यावा. आणि सुदर्शनाचेही महत्त्व ओळखावे, कारण राजालासुद्धा हे एकट्याने जमले नाही. शेजारी बसून सांगणारे कुणीतरी लागले.

आपल्या घरात असा सुदर्शन कोण? बहुतेक घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते. उरले तर खाते, नाही उरले तर चहा पिऊन झोपते. अशा घरात पुरेसे खाण्याचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. नवऱ्याने तिच्या जाडीवर चारचौघांत विनोद करण्यापेक्षा तिच्याबरोबर ताट घेऊन बसावे. सासूने 'एकच भाकरी?' म्हणून डोळ्यांत पाणी आणण्यापेक्षा ताटात अंडे आणि उसळ आहे का, ते पाहावे. तेल आणि साखर कमी करायची तर ती घरच्या डब्यातच कमी करावी, म्हणजे बाईला वेगळे शिजवावे लागणार नाही. आणि मुलींना 'जाडी' म्हणून हाक मारण्याची वाईट सवय आजपासून बंद करावी. त्या एका शब्दाने किती मुलींचे जेवण तुटते, याचा हिशेब कुठल्याच वहीत मिळत नाही.

काही जणींनी मात्र वजन उतरवण्याच्या नादाला लागूच नये. गरोदर बाईला रोज सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने सुमारे ६०० जास्त लागतात. वाढीच्या वयातील मुलामुलींचे जेवण तोडू नये. क्षयाचा उपचार चालू असणाऱ्यांनीही नाही. आणि कुणीही असो, वारंवार चक्कर येणे, पाळी बंद होणे, मूठ-मूठ केस गळणे, सतत थंडी वाजणे, खाल्लेले मुद्दाम ओकून टाकणे, जेवणाच्या विचाराने रडू येणे, यांपैकी काही दिसले तर आहार थांबवून डॉक्टरांकडे जावे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा सी.पी.आर. रुग्णालयात दाखवावे. मनाची घालमेल फार होत असेल तर सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलते, आणि मराठीतही बोलते. अन्नाची भीती हाही एक आजार असू शकतो. त्याला 'नखरे' म्हणून झटकून टाकू नये.

तेव्हा भगिनींनो, भाकरी किती सोडायची याचे उत्तर असे आहे : आधी एकही नाही. आधी तेल मोजा, साखर निम्मी करा, आणि रोज पाऊण तास चाला. ताटात डाळ, कडधान्य, अंडे आणि पालेभाजी वाढवा. महिनाभर वही लिहा. तरीही काटा हलला नाही, तर रात्रीच्या भाकरीतली अर्धी कमी करा, पण सकाळची न्याहारी आणि दुपारची भाकरी पोटभर खा. कष्ट करणाऱ्या माणसाने उपाशी राहून कमावण्यासारखे काहीच नसते. पोटभर जेवण्याचा हक्क आपल्या माणसांनी फार मोठी किंमत देऊन मिळवला आहे. तो आता शहाणपणाने वापरायचा आहे, सोडून द्यायचा नाही.

जयभीम.